उष्ण समुद्राची हाव की काबूल गमावण्याची धास्ती?

डिसेंबर १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हा पाश्चात्त्य राजधान्यांत एक निदान लोकप्रिय झाले: रशियाला उष्ण समुद्र हवा आहे. झारच्या काळापासूनची ही महत्त्वाकांक्षा. आज काबूल, उद्या बलुचिस्तानचा किनारा, परवा इराणचे आखात. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर खुली झालेली पॉलिट ब्यूरोची कागदपत्रे वाचताना मला मात्र निराळे चित्र दिसते. समुद्राची हाव त्यांत शोधूनही फारशी सापडत नाही. पानोपानी आढळते ती धास्ती.

मार्च १९७९ मध्ये हेरातला बंड उसळले. अफगाण नेते तराकी यांनी पंतप्रधान कोसिगिन यांना दूरध्वनीवरून विनवले, की ताजिक आणि उझबेक सैनिक अफगाण गणवेशात पाठवा, कोणी ओळखणार नाही. मॉस्कोने नकार दिला. संगिनींच्या बळावर तिथली क्रांती टिकवणे योग्य नव्हे, असे तेव्हा सांगणाऱ्यांत केजीबीचे प्रमुख आंद्रोपॉव्हही होते. नऊ महिन्यांनी तेच हस्तक्षेपाचे पुरस्कर्ते झाले. दरम्यान समुद्र होता तिथेच होता; बदलला होता तो काबूलचा सत्ताधीश. हफीझुल्ला अमीन यांनी तराकींना पदच्युत करून ठार करवले होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले अमीन अमेरिकेकडे झुकतील, इराण हातचा गेलेली अमेरिका काबूलमध्ये ठाण मांडील, हा संशय बळावत गेला. १२ डिसेंबरला मूठभर ज्येष्ठांनी निर्णय घेतला. लष्करप्रमुख ओगारकॉव्ह यांचा विरोध डावलला गेला. (नाटोने पश्चिम युरोपात नवी क्षेपणास्त्रे ठेवण्याचे ठरवले तेही त्याच दिवशी.) विपरीत असे, की अमीन स्वतःच सोव्हिएत फौजा मागत होते. त्याच फौजांनी २७ डिसेंबरला त्यांचा राजवाड्यात अंत केला.

हेतू बचावाचा होता म्हणून आक्रमण क्षम्य ठरत नाही. लाखो अफगाण त्यात मेले, लाखो देशोधडीला लागले. परंतु हेतूचे जसे वाचन, तसे धोरण. आखाताकडचा रस्ता अडवायचा म्हणून कार्टर यांनी जानेवारी १९८० मध्ये बळाच्या वापराचा इशारा दिला. पुढे रेगन प्रशासनाने पाकिस्तानला ३.२ अब्ज डॉलरची मदत आणि एफ-१६ विमाने देऊ केली. त्या विमानांचा हिशेब दिल्लीला आजवर करावा लागतो आहे.

दिल्लीचीही चूक झालीच. चरणसिंग यांच्या काळजीवाहू सरकारने सोव्हिएत राजदूताकडे फौजा मागे घेण्याचा आग्रह धरला होता. इंदिरा गांधी निवडणूक जिंकल्या आणि त्यांच्या शपथविधीपूर्वीच, ११ जानेवारी १९८० रोजी, आमच्या प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रांत सांगितले की, मित्रदेशाच्या आश्वासनावर शंका घेण्याचे आम्हाला कारण नाही. तीन दिवसांनी १०४ देशांनी फौजा माघारी घेण्याची मागणी केली, त्यांत बहुसंख्य अलिप्त राष्ट्रे होती. भारत तटस्थ राहिला. पुढे खासगीत आपण मॉस्कोला नापसंती कळवली. पण जाहीर शब्द तोवर आपल्या नावावर जमा झाला होता.

२ मार्च २०२२ रोजी युक्रेनच्या प्रश्नावरही भारताने मतदान टाळले. मात्र या वेळी आपण कोणाच्या आश्वासनाला जामीन राहिलो नाही, आणि राष्ट्रांच्या सार्वभौमत्वाचा स्पष्ट उल्लेख केला. मतदान तेच असले, तरी हा फरक मला किरकोळ वाटत नाही.