प्रतिपक्षाची टाळी

परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींपुढे खेळाच्या हंगामात एक प्रश्न नेमाने उभा राहतो, आणि तो वरून दिसतो तितका क्षुल्लक नाही. सामना आपल्या संघाचा आहे, गाव मात्र प्रतिपक्षाचे आहे. तर तो सामना बसून पाहावा कोठे? इंग्लंडात राहणारा परदेशी मनुष्य फुटबॉलच्या विश्वचषकाच्या दिवसांत एखादा असा पब हुडकून ठेवतो, की जेथे आपल्या देशाच्या नावाने ओरडले तरी कोणी अंगावर धावून येणार नाही. रायपुरात पबाची ती जागा चहाच्या टपरीने, पानठेल्याने आणि चौकातल्या एखाद्या दुकानातील दूरचित्रवाणी संचाने घेतली आहे. पेय निराळे, परंतु प्रश्न तोच. गोलंदाज आपला आणि बाद झालेला फलंदाज शेजारी बसलेल्यांचा, अशा क्षणी टाळी वाजवावी की हात खिशात घालावेत?

या प्रश्नावर आमच्या मंडळींत दोन सल्ले प्रचलित आहेत. पहिला सल्ला सावधपणाचा. आपण सरकारी नोकर, आज येथे तर उद्या बदलीच्या गावी. स्थानिकांची मने दुखविण्यात अर्थ नाही, तेव्हा तोंड मिटून बसावे. दुसरा सल्ला आपलेपणाचा. परक्यांत बसून मन मारण्यापेक्षा आपला सामना आपल्याच माणसांत, दार लावून, चहापोहे घेत पाहावा. दोन्ही सल्ले देणारी माणसे सज्जन आहेत, यात आम्हांस शंका नाही. तथापि दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि दोहोंच्या मुळाशी एकच भीती आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा सल्ला आधी तपासू, कारण तो अधिक गोड आहे. दार लावावयाचे ठरले, तर दाराच्या आत कोणाला घ्यावयाचे? मार्च २०२४ मध्ये वानखेडे मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस मुंबई, दुसऱ्या बाजूस विदर्भ. मुंबईने तो १६९ धावांनी जिंकला आणि करंडक बेचाळिसाव्यांदा नेला. आता रायपूरच्या मराठी समाजाची घडण पाहा. १९५६ पर्यंत हे शहर ज्या प्रांतात होते, त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. येथल्या जुन्या मराठी घरांचे सोयरसंबंध नागपूर-वऱ्हाडाकडे. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यांत मात्र मुंबई-पुण्याकडील मंडळीही पुष्कळ. अंतिम सामन्याच्या दिवशी 'आपल्याच माणसांत' बसलेल्या त्या बैठकीत प्रतिपक्ष दाराबाहेर नव्हता, शेजारच्या खुर्चीवर होता. पुढल्या वर्षी विदर्भाने केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक जिंकला, तेव्हा त्या खुर्चीवरील गृहस्थाने किती मोठ्याने टाळी वाजवावी, हे मुंबईकराने ठरवावयाचे होते काय? दार लावल्याने प्रतिपक्ष नाहीसा होत नाही. फक्त त्याचे नाव बदलते.

आणि प्रतिपक्ष म्हणजे तरी कोण? रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानाचा इतिहास या बाबतीत मोठा बोधप्रद आहे. २०१३ साली दिल्लीच्या आय.पी.एल. संघाने हे मैदान आपले दुसरे घर म्हणून घेतले आणि पुण्याचा संघ येथे पाहुणा म्हणून आला. दिल्ली येथून हजार किलोमीटरांहून दूर. तरी यजमान ती. छत्तीसगडचा स्वतःचा संघ रणजी करंडकात उतरला तो २०१६-१७ च्या हंगामात. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच मैदानावर मुंबईकर प्रतिपक्ष होते. डिसेंबर २०२५ मध्ये याच मैदानावर पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आपले पहिले एकदिवसीय शतक काढले, तेव्हा सारे प्रेक्षागार त्याचे होते. एकाच मातीवर जो आज पाहुणा तो उद्या घरचा होतो. वेळापत्रकाने ठरणाऱ्या या वैरासाठी ज्याला दार लावावेसे वाटते, त्याने खेळ ओळखला नाही आणि शेजारही ओळखला नाही.

आता सावधपणाचा सल्ला. 'स्थानिकांची मने दुखावतील' या म्हणण्यात एक अपमान दडलेला आहे. रायपूरच्या माणसास खेळ कळत नाही, हार सोसत नाही, पाहुण्याची टाळी त्याला झोंबते, असे त्यात गृहीत धरले आहे. वस्तुतः उत्तम खेळ पाहणे येथल्या लोकांना नवीन नाही. शेजारचे राजनांदगाव हॉकीपटूंचे गाव म्हणून विख्यात आहे. २०१५ साली जागतिक हॉकी लीगची अंतिम फेरी रायपुरात झाली. उपांत्य सामन्यात भारत बेल्जियमकडून हरला, आणि अखेरचा सामना ऑस्ट्रेलिया व बेल्जियम या दोन परक्या देशांत झाला. अशा गावाच्या रसिकतेविषयी आधीच संशय बाळगणे हा सावधपणा नव्हे, तो आढ्यतेचा एक सभ्य प्रकार आहे.

फेब्रुवारी २०२४ चा तो मुंबई-छत्तीसगड सामनाच घ्या. पहिल्या दिवशी पृथ्वी शॉने उपाहारापूर्वीच शतक पुरे केले आणि पुढे १५९ धावा काढल्या. मुंबईच्या ३५१ धावा झाल्या. उत्तरादाखल छत्तीसगडच्या अमनदीप खरेने १४३ धावांची झुंज दिली आणि त्याचा संघ ३५० वर थांबला. एका धावेची आघाडी! सामना अनिर्णित राहिला, परंतु त्या एका धावेने मुंबईस अधिक गुण मिळवून दिले. ज्या मुंबईकर अधिकाऱ्याने त्या एका धावेसाठी टाळी वाजविली नाही, तो आपल्या गावाशी अप्रामाणिक. आणि खरेच्या १४३ धावांसाठी जो उठून उभा राहिला नाही, तो खेळाशी अप्रामाणिक. दोन्ही टाळ्या एकाच बाकावर बसून वाजविता येतात, आणि दुसरी टाळी मनापासून वाजविणाऱ्याच्या पहिल्या टाळीचा राग सहसा कोणास येत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरोखर वजनदार आहे. अधिकाऱ्याची टाळी ही साध्या माणसाची टाळी नसते. साहेब टपरीवर बसले म्हणजे आजूबाजूची मंडळी आपोआप सरकून जागा करतात. साहेबांच्या संघाची स्तुती होते. कोणी विरुद्ध ओरडत नाही. हे स्वागत माणसाचे की खुर्चीचे? आम्ही हा आक्षेप मान्य करतो. तथापि त्यावरचा उपाय घरी दार लावून बसणे हा नसून खुर्ची घरी ठेवून बाहेर पडणे हा आहे. शिपायाने दुसऱ्या दिवशी कचेरीत 'काय साहेब, काल तुमच्या संघाचे काय झाले?' असे हसत विचारले आणि साहेबही हसले, तर समजावे की त्या गावात आपल्याला जागा मिळाली. ज्या कचेरीत हा प्रश्न विचारण्याची कोणाची छाती नाही, तेथील साहेब वीस वर्षे राहिला तरी उपराच.

मराठी माणसाने छत्तीसगडात पाऊल टाकले ते दोन रीतींनी, याचे स्मरण या ठिकाणी अस्थानी होणार नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या हाताखाली रतनपुरावर आली, आणि तिच्या मागून वसुली आली. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, जानेवारी १९०० मध्ये, माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. सप्र्यांनी आपले मराठीपण लपविले नाही. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेण्याचे काम त्यांनीच केले. १९२६ साली त्यांचा देह रायपुरातच पडला. त्यांनी तोंड मिटून घेतले नाही आणि दारही लावून घेतले नाही. मासिकाच्या नावात त्यांनी 'मित्र' हा शब्द घातला. बदलीवर आलेल्या प्रत्येकाने आपण भास्करपंतांच्या वाटेने आलो की सप्र्यांच्या, हे स्वतःस विचारून पाहावे.

परंतु स्वागताची अपेक्षा करणाऱ्याने आपल्या घरचे स्वागतही तपासले पाहिजे. १९९१ साली पाकिस्तानचा संघ येऊ नये म्हणून वानखेडेची खेळपट्टी उखडली गेली. २००६ साली त्याच वानखेडेवर खुद्द सचिन तेंडुलकरची हुर्यो झाली. २०२४ मध्ये मुंबईच्याच संघाचा कर्णधार हार्दिक पंड्या याची झाली. आणखी मागे जावे, तर पुण्यात पाळवणकर बाळूंची कथा आहे. त्यांनी टाकलेला चेंडू संघातील सर्वांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात येत असे. ते तर प्रतिपक्षाचेही नव्हते. छत्तीसगडचे मजूर आज नागपूर-पुण्याच्या बांधकामांवर राबतात. त्यांच्या संघाने मुंबईला एका धावेपर्यंत भिडविले, तेव्हा आमच्या गावातील कोणत्या टपरीवर त्यांना मोकळेपणी ओरडता आले असते? परमुलखात स्वतःसाठी जी जागा आम्ही मागतो, ती आमच्या पेठेत त्यांच्यासाठी ठेवलेली नसेल, तर आमची तक्रार ऐकण्यास कोणी बांधलेला नाही.

येथवर प्रश्न शिष्टाचाराचा होता. आता तो न्यायाचा होतो, आणि या मासिकाचे पुष्कळसे वाचक सरकारी सेवेत असल्याने तो त्यांनाच विचारणे भाग आहे. १८ जून २०१७ रोजी चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारतास १८० धावांनी हरविले. त्यानंतर मध्यप्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, म्हणजे आमच्या खानदेशाच्या उंबरठ्यावर, मोहद गावातील काही मुसलमान माणसांना पाकिस्तानच्या विजयाचा जल्लोष केला म्हणून राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. ज्याच्या नावे फिर्याद लिहिली गेली, त्याने आपण अशी फिर्याद केलीच नाही असे सांगितले. राजद्रोहाचा आरोप पोलिसांनी मागे घेतला. उरलेल्या आरोपांतून ती माणसे २०२३ साली निर्दोष सुटली. मध्ये सहा वर्षे गेली.

ज्या १२४-अ कलमाखाली १९०८ साली लोकमान्यांना मंडालेस धाडले, तेच कलम शंभर वर्षांनंतर एका नसलेल्या टाळीस लावले गेले. समजा, टाळी खरोखर वाजली असती, तरी काय? चांगल्या गोलंदाजीस दिलेली दाद हा गुन्हा होऊ शकत नाही. वाईट अभिरुचीने दिलेली दाददेखील गुन्हा होत नाही. असली फिर्याद कोणी तरी लिहितो, कोणी तरी तीवर सही करतो, कोणी तरी ती वरिष्ठांकडे पाठवितो. हे 'कोणी तरी' म्हणजे आमच्या-तुमच्यासारखेच बदलीच्या गावी राहणारे, संध्याकाळी सामना पाहणारे नोकरदार असतात. रायपुरात मुंबईसाठी वाजविलेली आपली टाळी कोणी हसून सोडून द्यावी अशी ज्याची इच्छा आहे, त्याने आपल्या टेबलावर आलेला असला कागद परत पाठविलाच पाहिजे. 'देशाचा प्रश्न निराळा' असे म्हणून येथे सुटका नाही. प्रतिपक्ष जितका दूरचा, तितकी त्याच्या टाळीची परीक्षा कठीण. पण परीक्षा एकच.

ही परीक्षा उतरता येते, हेही या देशाने दाखविले आहे. ३१ जानेवारी १९९९ रोजी मद्रासच्या चेपॉक मैदानावर सचिनच्या १३६ धावांनंतरही भारत पाकिस्तानकडून १२ धावांनी हरला. प्रेक्षक क्षणभर सुन्न झाले, आणि मग उठून उभे राहून त्यांनी पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. त्या संघाने मैदानाला विजयाची फेरी घातली. त्या दिवशी मद्रासकरांचे देशप्रेम तसूभरही कमी झाले नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्या पराभवाची आठवण भारतीय रसिक अभिमानाने काढतात.

यास्तव आमचे सांगणे थोडक्यात असे. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळात असो की अन्य कोठल्या गावच्या मराठी सभागृहात, सामन्याचा पडदा लागेल त्या दिवशी दार सताड उघडे असावे आणि तेथल्या शेजाऱ्यांना, त्यांच्या संघाच्या नावाने ओरडण्याच्या मोकळिकीसह, आवर्जून बोलवावे. चौकातल्या टपरीवर अधिकाऱ्याने मागच्या बाकावर बसावे, आपल्या चहाचे पैसे आपण द्यावेत, आणि आपल्या संघासाठी मनसोक्त टाळी वाजवावी. शेजाऱ्याच्या संघासाठीही वाजवावी. आणि सकाळी कचेरीत गेल्यावर, दुसऱ्या कोणाच्या टाळीबद्दलचा कागद समोर आला, तर सही करण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी आपणांस बाकावर जागा कोणी करून दिली होती, तेवढे आठवावे.