‘सर्व्हर डाउन’ आणि आपण
तृतीय वर्ष, कला

आपल्याकडे काही उत्तरे अशी आहेत की ती मिळाली की विचारणाऱ्याने निमूटपणे घरी जायचे असते. ‘साहेब रजेवर आहेत’ हे त्यांतले जुने उत्तर. अलीकडे त्याच्या जोडीला ‘सर्व्हर डाउन आहे’ हे नवे उत्तर आले आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख असो, रेशनकार्डात नाव घालायचे असो वा बँकेतून पैसे काढायचे असोत, खिडकीपलीकडून हे तीन शब्द आले की रांग मोडते. कोणी वाद घालत नाही. अवकाळी पावसाशी कोण वाद घालणार?

माझे म्हणणे एवढेच आहे की हा अवकाळी पाऊस नव्हे. पुष्कळदा दूरच्या कोणत्याही सर्व्हरचा यात काही दोष नसतो. दोष असतो त्याच कचेरीत, टेबलाखाली धूळ खात पडलेल्या वहीएवढ्या एका पेटीत. किंबहुना पेटीतही नव्हे, ती बसवताना जो विचार करायला हवा होता आणि केला गेला नाही, त्यात. या पेटीला नेटवर्क स्विच म्हणतात. कला शाखेच्या वार्षिकांकात यंत्रांना जागा कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईलच.

प्रथम ही पेटी करते काय ते पाहू. कार्यालयातले संगणक, छापयंत्रे, कॅमेरे यांच्या तारा एका जागी येऊन मिळतात, ती जागा म्हणजे स्विच. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ‘इथरनेट’ची कल्पना टिपणाच्या रूपाने मांडली. तेव्हा सगळी यंत्रे एकाच सामाईक तारेवर बोलत असत. पुढे ‘हब’ नावाची पेटी आली. हब म्हणजे दवंडी पिटणारा. निरोप एकाचा असो वा दहांचा, तो साऱ्या गावाला ओरडून सांगणार. स्विच हा पोस्टमन आहे. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असतो. कोणत्या पत्त्याचे यंत्र कोणत्या पोर्टाला, म्हणजे कोणत्या छिद्राला, जोडले आहे हे स्विच येणाऱ्या निरोपांवरून शिकतो आणि ज्याचे पत्र त्याच्याच दारात टाकतो. अनेक पोर्टांचा असा पहिला इथरनेट स्विच १९९० च्या सुमारास ज्या कंपनीने बाजारात आणला, तिचे नाव होते ‘कल्पना’! विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या संस्थापकाने आपल्या पत्नीचे नाव कंपनीला दिले होते. १९९४ मध्ये ती सिस्को कंपनीने विकत घेतली. कंपनीचे नाव गेले. पण स्विच बसवताना सर्वांत अधिक कशाची गरज असते, हे त्या नावात अनायासे सांगून ठेवले आहे.

शिक्षण घेता घेता गेली दोन वर्षे मी एका कार्यालयात अर्धवेळ नोंदी भरण्याचे काम करते. कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तसली कार्यालये गावोगाव आहेत. तेथे आठ-आठ पोर्टांच्या तीन पेट्या एकीला एक जोडलेल्या होत्या. माणूस वाढला की पेटी वाढवायची, हीच योजना. एके दिवशी दुपारी सर्व संगणक एकदम अडले. खिडकीबाहेर रांग, आत नेहमीचे उत्तर. साडेतीन तासांनी बाहेरून आलेल्या कारागिराला कारण सापडले. झाडलोट झाल्यावर शिपाईमामांना जमिनीवर एका केबलचे मोकळे टोक लोळताना दिसले. निसटले असेल, असे समजून त्यांनी ते पेटीतल्या रिकाम्या पोर्टात बसवले. त्या केबलचे दुसरे टोक त्याच पेटीत होते. झाले! ‘सर्वांसाठी’ म्हणून निघालेला निरोप एका पोर्टातून बाहेर पडून दुसऱ्यातून आत येऊ लागला आणि पुन्हा सर्वांकडे जाऊ लागला. या निरोपाला आपण कधी थांबावे हे ठाऊक नसते. क्षणार्धात दवंडीवर दवंडी होऊन खऱ्या कामाच्या निरोपाला वाट उरली नाही.

शिपाईमामांना सर्वांसमक्ष बोलणी खावी लागली. मला हा प्रकार तेव्हाही अन्यायाचा वाटला, आजही वाटतो. लोळणारी वस्तू जागेवर ठेवणे हे त्यांचे कामच होते. त्या केबलवर चिठ्ठी नव्हती, पेटीला कपाट नव्हते, आणि मुख्य म्हणजे या दोषावरचे उत्तर जगाला कैक वर्षांपासून माहीत होते. रेडिया पर्लमन या संशोधिकेने १९८५ साली अशी युक्ती शोधली की स्विच आपसांत बोलून असे वेढे आपणच ओळखतात आणि जादा वाट बंद ठेवतात. या शोधावर त्यांनी एक छोटी कविताही लिहिली, जॉइस किल्मर यांच्या झाडावरील प्रसिद्ध कवितेच्या धर्तीवर. यंत्र आणि काव्य यांच्यात भिंत आहे असे मानणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. साध्या स्वस्त पेट्यांत ही सोय बहुधा नसते. कमीत कमी किमतीचे दरपत्रक मंजूर करणाऱ्याला कोणी बोलले नाही. बोलणी खाल्ली ती झाडू हातात असलेल्याने.

या घटनेनंतर नवा स्विच घ्यायचे ठरले आणि योजनेचे काम मला जवळून पाहायला मिळाले. त्यातून माझे जे मत बनले ते असे: स्विच विकत घेणे हे या कामातले शेवटचे पाऊल आहे, आपण मात्र ते पहिले समजतो. मग वरातीमागून घोडे निघतात.

साधी मोजणीच घ्या. लिपिकांचे संगणक १४, छापयंत्रे ३, वायफायची उपकरणे २, कॅमेरे ४, हजेरीचे यंत्र १. बेरीज २४. बाजारात चोवीस पोर्टांचा स्विच मिळतो आणि दुकानदार तोच पुढे करतो. पण बाहेरच्या जगाकडे नेणारी राउटरची तार कोठे लावायची? पंचविसावे पोर्ट नाहीच! आणि पुढच्या वर्षी एक टेबल वाढले तर पुन्हा टेबलाखाली आठाची पेटी येणार. म्हणून आजची गरज मोजून तिच्यावर काही पोर्टे मोकळी ठेवावीत. घर बांधताना आपण पाहुण्यांचा विचार करतो, मग येथे का करू नये?

दुसरी गोष्ट अंतराची. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. त्यांतले ९० मीटर भिंतीतल्या पक्क्या केबलला आणि उरलेले १० दोन्ही टोकांच्या सुट्या तारांना धरतात. कार्यालयाची लांबी पावलांनी मोजून भागत नाही, कारण केबल भिंतीवर चढते, तुळईच्या कडेने जाते आणि पुन्हा उतरते. विजेच्या तारांना चिकटून ती नेऊ नये. दोन इमारती जोडायच्या असतील तर तांबे टाळून काचतंतूची केबल घालावी. आपल्याकडे वळवाच्या विजा कशा पडतात हे कोणाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट विजेची. कॅमेरे व वायफायची उपकरणे यांना आता त्याच केबलमधून वीज पुरवता येते. २००९ च्या प्रमाणकानुसार एक पोर्ट ३० वॅटपर्यंत वीज देऊ शकते. पण म्हणून प्रत्येक पोर्टाला ३० मिळतील असे नव्हे, कारण पेटीचा एकूण शिधा ठरलेला असतो. समजा तो ६५ वॅट आहे. चार कॅमेरे प्रत्येकी ८ आणि वायफायची दोन उपकरणे प्रत्येकी १५ वॅट खाणार असतील तर ६२ तेथेच संपले. तिसरे उपकरण उपाशी राहणार. शिवाय स्विच यूपीएसवर नसेल तर वीज गेल्यावर संगणक चालू आणि संपर्क बंद, अशी गंमत होते.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या साऱ्यांच्या अब्रूशी निगडित आहे. कार्यालयांत आपले गुण, जातीचे दाखले, आधारची प्रत, आईवडिलांचे उत्पन्न असे सर्व काही असते. पाहुण्याचा मोबाइल आणि हिशेबनिसाचा संगणक एकाच जाळ्यावर असणे म्हणजे दिवाणखान्यातूनच तिजोरीच्या खोलीत दार ठेवणे होय. एकाच स्विचमध्ये दोन-तीन वेगळी जाळी आखण्याची सोय प्रमाणकात १९९८ पासून आहे. ती असलेला स्विच घ्यावा आणि घेतल्यावर ती खरोखरच वापरावी. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा आणि नवा शब्द बंद पाकिटात दोन जबाबदार व्यक्तींकडे ठेवावा.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला पैशाचा. लहान कार्यालयाने एवढा खर्च का करावा? रास्त प्रश्न आहे. चार टेबलांच्या कचेरीला आठ पोर्टांची साधी पेटी पुरते आणि तेथे महागडा स्विच हा निव्वळ बडेजाव ठरेल. परंतु मोजणे, चिठ्ठ्या लावणे आणि नकाशा काढणे यांना पैसे पडत नाहीत. मी महागाची शिफारस करीत नाही, विचाराची करते.

दुसरा आक्षेप असा की हे काम अभियंत्यांचे, आपण त्यात का पडावे? अभियंत्याला तारा कळतात, यात शंका नाही. पण जूनमध्ये प्रवेशाचे टेबल व्हरांड्यात जाते, परीक्षेच्या काळात एकाच खोलीत सहा संगणक लागतात, छापयंत्र मागच्या पावसात गळक्या कोपऱ्यातून हलवले होते, हे त्याला कोण सांगणार? ते ठाऊक असते लिपिकांना आणि शिपाईमामांना. त्यांना विचारल्याशिवाय केलेली योजना कागदावरच शोभते. बसवण्याचा दिवसही त्यांनीच सांगावा; अर्ज भरण्याच्या अखेरच्या आठवड्यात जुनी पेटी काढणाऱ्याला काय म्हणावे? सुटीचा दिवस धरावा, एकेक तार हलवून तपासावी आणि नवे सुरळीत चालेपर्यंत जुने टाकू नये.

आता कला शाखेचा संबंध. स्विच आला की त्याची नोंद डेड स्टॉक रजिस्टरात होते: नग १, किंमत अमुक. पण कोणती तार कोणत्या टेबलाला जाते याची नोंद कोठेच होत नाही. ती एखाद्या कारागिराच्या डोक्यात असते आणि तो गाव सोडून गेला की कार्यालय आंधळे होते. ही नोंद लिहिणे हे तंत्राचे काम नाही, भाषेचे आहे. पोर्ट ७, जावक विभाग, खिडकीजवळचे टेबल. पोर्ट ८, मोकळे, येथे काही लावू नये: अशी शुद्ध, सुबोध मराठीतली चिठ्ठी त्या दिवशी असती तर शिपाईमामांनी ती वाचली असती आणि साडेतीन तासांची रांग वाचली असती. आपण तीन वर्षे भाषा शिकतो ती केवळ रसग्रहणासाठी नव्हे. ज्ञान मूठभरांच्या मुठीतून सोडवून सर्वांना कळेल असे मांडणे, हेही भाषेचेच काम आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात जेथे ही पेटी असेल, तेथे तिच्या जोडण्यांचा मराठी तक्ता लावला जावा आणि तो तयार करण्याचे काम आम्हा विद्यार्थ्यांकडे द्यावे. प्राध्यापकांनी तो तपासावा, लिपिकांनी दुरुस्त करावा. एका रविवारचे काम आहे.

आणि खिडकीवर पुन्हा ‘सर्व्हर डाउन आहे’ असे ऐकू आले, तर पलीकडच्या माणसावर चिडू नये. त्यालाही बहुधा याहून अधिक कोणी सांगितलेले नसते. मात्र निमूटपणे घरीही जाऊ नये. नेमके काय बंद आहे, एवढे सौजन्याने विचारावे. हा प्रश्न चार जणांनी विचारला, की टेबलाखालच्या पेटीकडे कोणाला तरी वाकून पाहावेच लागेल.