जिताड्याच्या पिल्लाचं जेवण आणि लोहचुंबक

जिताडा ताटात आला की त्याच्या बालपणाचा विचार कोण करतं? मीही केला नव्हता. हॅचरीत अंड्यातून निघालेलं पिल्लू सुरुवातीला कोरडं खाद्य नीट खातच नाही. त्याला वळवळणारं जेवण लागतं. आधी रोटिफर, मग आर्टेमिया. (हो, पाकिटात मिळणारे ‘सी-मंकी’ म्हणजे याच जातकुळीतले!)

गोची इथेच आहे. आर्टेमियाची सुकी अंडी साधारण 28 अंशांच्या खाऱ्या पाण्यात 24 तासांत फुटतात. फुटताना ग्लिसरॉल बाहेर पडतं आणि त्यावर व्हिब्रिओ बॅक्टेरिया ताव मारतात. काही तासांनी आर्टेमिया पाणी गाळून खायला लागला की हेच बॅक्टेरिया त्याच्या पोटात, आणि तिथून माशाच्या पिल्लाच्या पोटात.

शॉर्टकट म्हणजे अँटिबायोटिक. पण त्यातून वाचलेले व्हिब्रिओ अजून चिवट होतात. शिवाय 2023च्या दुरुस्तीनंतर हॅचऱ्याही कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर कायद्याच्या कक्षेत आल्यात, आणि कोळंबीत औषधाचा अंश सापडला तर युरोप सरळ कंटेनर परत पाठवतो.

मग पर्याय? बॅसिलससारखे प्रोबायोटिक, व्हिब्रिओला मारणारे फाज व्हायरस. मला भारी वाटली ती चुंबकाची आयडिया. अंड्यांवर चुंबकीय थर देतात, म्हणजे टरफलं आणि न फुटलेली अंडी लोहचुंबकाला चिकटतात आणि स्वच्छ आर्टेमिया मागे राहतो. फाज मात्र ठरावीक जातीच्या बॅक्टेरियालाच मारतो, त्यामुळे त्याचा गाजावाजा मला जरा जास्तच वाटतो. अंडी आधी क्लोरीनच्या पाण्यात निर्जंतुक करणं आणि खायला घालण्याआधी आर्टेमिया नीट धुणं, या कंटाळवाण्या कामांवर माझा जास्त भरवसा आहे.