दोनशे रुपयांची दंतकथा : रामन परिणामाचा खरा खर्च कोणी उचलला? (थ्रेड)

दरवर्षी २८ फेब्रुवारी जवळ आली की एक वाक्य हमखास फिरू लागते : ‘रामन यांनी अवघ्या दोनशे रुपयांच्या साहित्यावर नोबेल मिळवले.’ वाक्य गोड आहे, अभिमान सुखावणारे आहे. इतिहास म्हणून मात्र ते कुचकामी आहे आणि युक्तिवाद म्हणून उपद्रवी. संशोधकांनी निधीचा प्रश्न काढला रे काढला की हेच वाक्य ढालीसारखे पुढे येते.

त्या प्रयोगाचा हिशेब १९२८ पासून मांडून चालत नाही. तो १८६९ पासून मांडावा लागतो.

त्या वर्षी कलकत्त्याच्या डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी आपल्या वैद्यकीय नियतकालिकातून भारतीयांनी चालवलेल्या विज्ञानसंस्थेची मागणी केली. ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ प्रत्यक्षात उभी राहिली १८७६ साली. मधली सात वर्षे वर्गण्या गोळा करण्यात गेली आणि पुढची अठ्ठावीस वर्षेही त्यातून सुटका झाली नाही. विजयनगरमच्या महाराजांच्या देणगीतून प्रयोगशाळा झाली, व्याख्याने होत राहिली. पण सरकार यांना हवी होती ती कायम निधीवर चालणारी पगारी प्राध्यापकपदे. त्यांसाठी पुरेसा पैसा कधीच जमला नाही. एक निष्णात डॉक्टर आयुष्यभर देणगीदारांचे उंबरठे झिजवत राहिला आणि १९०४ मध्ये निराश मनाने गेला. मागे उरली ती बोबाजार स्ट्रीटवरची वास्तू, काही उपकरणे आणि बरीचशी रिकामी दालने.

१९०७ साली त्याच रिकाम्या दालनांत अर्थखात्यातला एक तरुण अधिकारी शिरला. चंद्रशेखर वेंकट रामन तेव्हा सहायक महालेखापाल होते. दिवसभर सरकारी हिशेब तपासायचे, कचेरीच्या आधी आणि नंतर प्रयोग करायचे, असा क्रम दहा वर्षे चालला. मध्येच रंगून आणि नागपूर येथे बदल्या झाल्या, तेव्हा कलकत्त्याची प्रयोगशाळा मागे राहिली. (नागपूरकरांनी या मुक्कामाचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो बदलीच्या हुकुमाने घडला होता, हेही ध्यानात ठेवावे.) या दशकाकडे ‘ध्यास’ म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. भारतातल्या एका समर्थ भौतिकशास्त्रज्ञाची दहा वर्षे खतावण्यांत गेली, असे मात्र कोणी म्हणत नाही.

ही कोंडी फुटली ती १९१७ मध्ये. तारकनाथ पालित यांनी कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या प्रचंड देणगीतून अध्यासन निर्माण झाले होते. आशुतोष मुखर्जी यांनी ते रामन यांना देऊ केले आणि परदेशी प्रशिक्षणाची अट त्यांच्यासाठी बाजूला ठेवली. पगार जवळपास निम्म्यावर आला; त्या बदल्यात रामन यांना दिवस मिळाला.

‘दिवस’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. प्रकाशाच्या विकिरणाचे ते प्रयोग सूर्यप्रकाशावर चालत. रामन यांचे सहकारी एस. वेंकटेश्वरन नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात काम करणारे. ग्लिसरीनमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा विलक्षण हिरवा रंग त्यांनी टिपला. पण ऊन असते त्याच वेळी त्यांची नोकरी असे. अखेर पूर्णवेळ असलेल्या के. एस. कृष्णन यांना हा प्रयोग हाती घ्यावा लागला, आणि १९२८ च्या फेब्रुवारीत परिणाम निश्चित झाला. दुर्बिणीचे १८ सेंटीमीटर व्यासाचे भिंग, हिल्गरचा वर्णपटलेखक, पाऱ्याचा दिवा, काचपात्रे या साऱ्यांची किंमत दोनशे धरा वा दोन हजार. कृष्णन यांची दुपार त्या बेरजेत कुठेच नाही.

यावर एक आक्षेप येतो : खुद्द रामन यांनाच सरकारी अनुदान नको होते ना? उत्तरायुष्यात बंगळूरुच्या आपल्या संस्थेसाठी त्यांनी ते टाळले, हे खरे. अनुदानामागून येणारे अहवाल आणि देखरेख त्यांना सोसत नसे. तो तिटकारा रास्तच होता. पण त्याची किंमतही पाहावी. ज्या माणसाच्या नावे नोबेल होते, त्याला देणग्यांसाठी स्वतः फिरावे लागले, अगदी महेंद्रलाल सरकारांसारखे. अहवालांचा जाच आणि निधीचा अभाव यांतून एकाची निवड करावी लागणे, याला स्वातंत्र्य कसे म्हणावे?

पायाभूत निधी नसला तर काय होते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि मुंबई सरकारची भर यांतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. ग्रब यांनी घडवलेली वीस इंची परावर्ती दुर्बीण तेथे १८८८ मध्ये सज्ज झाली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी अध्यापन सांभाळून ती वेधशाळा चालवली. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी जेऊरला जाऊन घेतले. दुर्बिणीला देणगीदार होता. नायगमवालांनंतर ती चालवणाऱ्या माणसाची तरतूद मात्र कोणीच केली नव्हती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली.