पाळण्याची दोरी

खून कोणी केला हे शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवावे, असा रहस्यकथेचा शिरस्ता आहे. मोरोक्कोत जन्मलेल्या फ्रेंच लेखिका लैला स्लिमानी यांनी ‘शांसाँ दूस’ (गोड गाणे, अंगाईच म्हणा ना) या २०१६ सालच्या कादंबरीत तो पहिल्याच पानावर मोडला आहे. दोन लेकरांचा जीव त्यांच्या आयेने, लुईजने घेतला, हे आरंभीच कळते. मग प्रश्न उरतो तो एवढाच की, तिच्यावर इतका विश्वास बसला कसा?

त्याच वर्षी या कादंबरीस फ्रान्सचा गोंकूर पुरस्कार लाभला. २०१८ साली निघालेला इंग्रजी अनुवाद ब्रिटनमध्ये ‘ललबाय’, तर अमेरिकेत ‘द परफेक्ट नॅनी’ म्हणून खपला. हे दुसरे नाव आम्हांस जरा बाजारी वाटते.

न्यूयॉर्क येथे २०१२ साली घडलेली अशीच एक घटना लेखिकेच्या मनात होती. कथा मात्र पॅरिसची आहे. मिरियम वकील, पती पॉल संगीताच्या व्यवसायातला. जुन्या मालकिणीकडे दूरध्वनीवरून चौकशी होते, ती तोंड भरून स्तुती करते आणि लुईज कामावर येते. थोड्याच दिवसांत घर लख्ख होते, पाहुणे तिच्या हातच्या जेवणाची वाखाणणी करू लागतात. सुटीत ग्रीसला जातानाही तिला सोबत नेतात. मात्र ती कशी राहते, नवरा मागे किती कर्ज ठेवून गेला, पोटची मुलगी कोठे आहे, हे विचारावेसे कोणास वाटत नाही. पुढे तिच्या थकबाकीविषयी सरकारी पत्र येते, तेव्हा तिच्या वाट्यास कानउघाडणी येते.

एके संध्याकाळी मिरियमला स्वयंपाकघरात टेबलावर कोंबडीचा सांगाडा दिसतो. मांसाचा कण नाही, धुऊन स्वच्छ केलेला. ती कोंबडी खराब झाली म्हणून मिरियमनेच केरात टाकलेली. लुईजने ती काढून मुलांना खाऊ घातली होती. मिरियम हादरते, तरी लुईजला काढून टाकीत नाही. न्यायालयात जायचे तर मुलांपाशी कोण थांबणार? खुनाच्या पानापेक्षा हा प्रसंग आम्हांस अधिक भयंकर वाटला.

‘आया’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आला; पण आपण तो इतका आपलासा केला की त्यात ‘आई’च ऐकू यावी. लुईजलाही तसेच काहीसे ऐकू येत असावे. मुले मोठी होऊ लागतात, तशी तिला एकच आस लागते: या घरात आता तिसरे बाळ यावे. बाळ आले, तर तिची तेथील जागा टिकणार होती.