किल्ली काकूंकडे

रविवारची रात्र, पावणेबारा. उद्या ऑफिस आहे या विचारानं आधीच मूड गेलेला. तेवढ्यात बॉसचा फोन. "अरे, सर्व्हरचा पासवर्ड चालत नाहीये. सकाळी नऊला क्लायंटला डेमो आहे. बघ ना जरा!"

हा 'जरा' फार डेंजर शब्द आहे, मंडळी.

झालं होतं असं, की आमच्या टीममधला एक सीनियर शुक्रवारी कंपनी सोडून गेला. केक कापला, भाषणं झाली, हॅन्डओव्हरची मेलही आली. फक्त नवा पासवर्ड तेवढा लिहायचा राहिला. साहेब निघालेत गावाला, फोन नॉट रीचेबल. म्हणजे कोकण रेल्वेच्या कुठल्या तरी बोगद्यात.

आईनं विचारलं, "तो सर्व्हर आहे कुठे? जाऊन उघडता नाही येत का?" प्रश्न अगदी वेडगळ नव्हता. कोपरीतून खाली उतरलं की ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरची लोकल, आधी दिघा गाव आणि मग ऐरोली. ऐरोली, रबाळे, महापे हा सगळा डेटा सेंटरचा पट्टा. पण क्लाउडवरचं व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये भाड्यानं घेतलेली खोली. कन्सोलवर पत्ता फक्त 'मुंबई' एवढाच. नेमकी कुठली बिल्डिंग, कुठला मजला, ते भाडेकरूला सांगत नाहीत. कुलूप उघडायचं तेही घरबसल्याच.

आमचं मशीन विंडोजचं, गूगलच्या क्लाउडवर. कन्सोलमध्ये लॉगिन करून पासवर्ड बदलायच्या बटणावर गेलो आणि थबकलो. एका झटक्यात बटण दाबू नये, कारण जुन्या खात्याचा पासवर्ड असा बाहेरून बदलला, तर त्या खात्यानं एन्क्रिप्ट करून ठेवलेल्या फायली आणि साठवलेले पासवर्ड कायमचे हातचे जाऊ शकतात. जुन्या पासवर्डावर रात्री चालणारी कामंही बंद पडतात. म्हणून आधी डिस्कचा स्नॅपशॉट घेतला, जुन्या खात्याला हात न लावता माझ्या नावानं नवीन खातं मागितलं आणि मग बटण दाबलं.

पडद्यामागे जे होतं ते सॉलिड आहे. आपल्या बाजूला किल्ल्यांची एक जोडी तयार होते. त्यातली बंद करणारी किल्ली मशीनकडे जाते, उघडणारी आपल्याचकडे राहते. मशीनच्या आत बसलेला एक छोटा प्रोग्राम नवा पासवर्ड तयार करतो, त्या किल्लीनं पेटीत बंद करतो आणि पेटी बाहेर ठेवतो. वाटेत कुणी पेटी पळवली तरी उघडणार कशी? पासवर्ड स्क्रीनवर दिसतो, तेव्हाच तो नीट जपून ठेवायचा. तीन मिनिटांत काम फत्ते!

एवढी भारी सिक्युरिटी. आणि मी काय केलं? तो पासवर्ड कॉपी करून टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. वर अंगठ्याचा इमोजी.

पहिला रिप्लाय आला तो सोडून गेलेल्या साहेबांचा. रेंज आली होती. "अरे गाढवा, आधी मला ग्रुपमधून काढ!"

मग त्याचा फोनच आला. "ग्रुपचं सोड, कन्सोलवर माझं नाव अजून आहे का बघ." पाहिलं. होतं. तेही अॅडमिन म्हणून. म्हणजे मी कितीही वेळा पासवर्ड बदलला असता, तरी तो तेच बटण दाबून पुन्हा बदलू शकला असता. कुलूप नवं, पण मास्टर की त्याच्याच खिशात. तो म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही म्हणून नको रे. पण उद्या तिथे काही गडबड झाली तर पहिलं बोट माझ्याकडे जाईल. माझ्यासाठी तरी काढ."

हे डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याला वाटतं अॅक्सेस काढणं म्हणजे संशय घेणं, म्हणून भिडेखातर राहून जातं.

लहानपणी आमच्या घराची एक किल्ली शेजारच्या काकूंच्या दाराआडच्या खिळ्याला असायची आणि त्यांची आमच्याकडे. काकू डोंबिवलीला राहायला गेल्या, तेव्हा टेम्पो भरायच्या आधी त्या किल्ली परत द्यायला आल्या. आईनं "असू दे हो" म्हटलं, तर म्हणाल्या, "नको गं, आता तिची जबाबदारी नको." तेव्हा मला ते जरा परकं वाटलं होतं. आता कळतं.

तर त्या रात्री दीड वाजेपर्यंत मी त्याचं नाव कन्सोलवरून काढलं, ग्रुपवर गेलेला पासवर्ड बाद करून पुन्हा नवा घेतला आणि तो पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवला. कन्सोलच्या खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन सक्तीचं केलं. आता टीममध्ये प्रत्येकाचं खातं वेगळं. कुणी, किती वाजता बटण दाबलं, ते कन्सोलच्या लॉगमध्ये नावानिशी दिसतं.

डेमो छान झाला. बॉस म्हणाले, "बघ, जरासंच काम होतं ना!"

तुमच्या टीममधून शेवटचा माणूस कधी गेला? केक खाल्लात, ठीक आहे. किल्ली परत घेतलीत का?