फुकटच्या टीव्हीचे पैसे कोण भरतं?



टीव्ही लावला आणि मालिकेऐवजी पडद्यावर ‘तुमचा रिचार्ज संपला आहे’ अशी पाटी आली, की घरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नकोच! आजी म्हणते, “अगंबाई, आज तर लग्न लागणार होतं!” दादा म्हणतो, “संध्याकाळी मॅच आहे.” बाबा म्हणतात, “पगार झाल्यावर बघू.” आणि तेवढ्यात शेजारचे काका सल्ला देतात, “कशाला दर महिन्याला पैसे घालवता? आमच्यासारखी फुकटची छत्री बसवून टाका!”

‘फुकट’ म्हटलं की आपण सगळेच कान टवकारतो. पण शहाण्या मुलाने अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत. एक, हे चालतं कसं? आणि दोन, याचे पैसे कोण भरतं? आज आपण या दोन प्रश्नांच्या मागे लागू या.

थोडी जुनी गोष्ट आधी. भारतात दूरदर्शन सुरू झाले १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. मुंबईला ते आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हा घराघरांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे अँटेना असत. उंच मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून तर पुण्यासाठी सिंहगडावर मनोरा उभारावा लागला. वारा आला की अँटेना फिरायचा. मग एकाने गच्चीवर जायचं, एकाने खिडकीत उभं राहायचं आणि “आलं का?” “नाही, अजून थोडं!” असा संवाद सुरू व्हायचा. तुमच्या आईबाबांना विचारा, हमखास हसतील!

तो टीव्ही फुकट होता का? महिन्याचं बिल नव्हतं, हे खरं. पण १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरात टीव्ही ठेवायला परवाना लागायचा. त्याची फी पोस्टात जाऊन भरावी लागे. म्हणजे पैसे होतेच, फक्त त्यांची वाट निराळी होती.

तो जुना अँटेना आता मात्र निवृत्त झाला आहे. दूरदर्शनने आपली जुन्या पद्धतीची प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली आणि २०२२ पर्यंत मोजकी सोडून बाकी सगळी थांबली. तेव्हा कुणाच्या गच्चीवर त्या नळ्या अजून दिसल्या, तर त्यांचा उपयोग कावळ्यांना बसायलाच!

लहरी सगळ्यांच्या, किल्ली मात्र काहींची

१९९१-९२ पासून आपल्याकडे उपग्रहावरचे चॅनेल आले. गल्लीतला केबलवाला मोठी छत्री लावायचा आणि तिथून घरोघर तारा टाकायचा. पुढे प्रत्येकाच्या घरावर स्वतःची लहान छत्री आली.

आता एक गंमत ऐका. उपग्रहातून येणाऱ्या लहरी काही फक्त पैसे भरणाऱ्यांच्या घरावर पडत नाहीत. त्या पावसासारख्या सगळ्यांवर सारख्याच पडतात! तुमच्या घरावर, शाळेवर, एसटी स्टँडवर आणि शेतातल्या गोठ्यावरसुद्धा. मग पैसे भरल्याशिवाय चित्र का दिसत नाही? कारण पैशाच्या चॅनेलची चित्रे पाठवण्याआधीच सांकेतिक भाषेत बदललेली असतात. तुम्ही मैत्रिणीला गुप्त लिपीत चिठ्ठी लिहिता ना, तसंच. ती लिपी उलगडण्याची किल्ली तुमच्या सेट टॉप बॉक्सकडे असते. रिचार्ज केला की किल्ली चालते. संपला की नाही. म्हणजे आपण लहरींचे पैसे भरत नाही, किल्लीचे भरतो.

आणि ज्या चॅनेलला कुलूपच लावलेले नाही, ते झाले फुकटचे चॅनेल.

छत्री कुठे बघते?

प्रसारभारतीने १६ डिसेंबर २००४ रोजी अशी बिनकुलुपाची सेवा सुरू केली. सुरुवातीला तिच्यावर ३३ चॅनेल होते आणि नाव होते ‘डीडी डायरेक्ट प्लस’. पुढे तिचे नाव ‘डीडी फ्री डिश’ झाले. तिचे चॅनेल घरोघर पोहोचवणाऱ्या उपग्रहाचे नाव जीसॅट-१५. इस्रोने बनवलेला हा ३१६४ किलो वजनाचा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून, एरियन-५ अग्निबाणातून आकाशात गेला.

हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे त्याला पृथ्वीभोवती एक फेरी घालायला लागतो तेवढाच वेळ, जेवढा पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला लागतो. त्यामुळे तो आपल्याला एकाच जागी थांबल्यासारखा वाटतो. म्हणूनच छत्री एकदा नीट बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही.

विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आणि हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे महाराष्ट्राच्या पूर्वेला. दक्षिण अधिक पूर्व म्हणजे कोणती दिशा? बरोबर, आग्नेय! महाराष्ट्रात फ्री डिशची छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसवतात. आग्नेयेला मोठी इमारत किंवा आंब्याचे झाड आडवे आले, तर फुकटचा टीव्हीही दिसणार नाही.

एक गणित करून पाहा. लहरी एका सेकंदात सुमारे ३,००,००० किलोमीटर जातात. ३६,००० वर आणि ३६,००० खाली, असे ७२,००० किलोमीटर जायला किती वेळ लागेल? सुमारे पाव सेकंद. तुम्ही पापणी मिटून उघडेपर्यंत बातम्यांचा चेहरा आकाशात जाऊन घरात येतो!

पावसाळ्यात मात्र खोळंबा होतो. या सेवेच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. मुसळधार पावसात थेंब त्या शोषून घेतात, विखुरतात, आणि चित्राचे चौकोन चौकोन होतात. कोकणातल्या मुलांना हे चांगलंच ठाऊक असेल. तेव्हा छत्री किंवा बॉक्स बिघडला असं समजून लगेच ठोकाठोक करू नका. पाऊस ओसरला की चित्र परत येतं.

मग पैसे कोण भरतं?

आता आपला दुसरा प्रश्न. उपग्रह बनवायला पैसे, उडवायला पैसे, मालिका करायला पैसे. मग ते येतात कुठून?

दूरदर्शनच्या चॅनेलसाठी सरकार पैसे देते, म्हणजे शेवटी आपल्या सगळ्यांच्या करांतून ते येतात. दूरदर्शनवर जाहिरातीही असतातच. खासगी चॅनेलची तऱ्हा निराळी आहे. फ्री डिशवर जागा मिळवण्यासाठी प्रसारभारती लिलाव करते आणि चॅनेलवाले बोली लावून पैसे भरतात. गंमत आहे ना? प्रेक्षक पैसे देत नाही, उलट दाखवणाराच पैसे देतो! मग तो ते वसूल कसे करतो? जाहिरातींतून. साबणवाला, बिस्किटवाला, शाम्पूवाला त्याला पैसे देतात. कारण तुम्ही तिथे बसलेले असता. म्हणजे फुकटच्या टीव्हीत आपण पैसे मोजत नाही, आपला वेळ मोजतो. आणि साबण विकत घेताना जाहिरातीचा खर्चही त्या किमतीत असतोच.

पैशाच्या चॅनेलवर तरी जाहिराती नसतात का? असतात की! तिथे आपण पैसेही मोजतो आणि वेळही.

आणखी एक गोष्ट. जो पैसे देतो, त्याच्या हातात दोरी असते. १ मार्च २०१९ रोजी स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते हे चार लोकप्रिय चॅनेल फ्री डिशवरून गेले. २०२० मध्ये ते परत आले. मधल्या काळात प्रेक्षकांना कुणी विचारलं नाही. ज्याची किंमत आपण मोजत नाही, त्याबद्दल तक्रारही फारशी करता येत नाही.

मिळतं काय, जातं काय?

फ्री डिशवर दूरदर्शनचे चॅनेल असतात. त्यात आपली सह्याद्री आहे, बातम्या आहेत, शिवाय काही खासगी चॅनेलही आहेत. क्रिकेटच्या बाबतीत तर एक मजेदार नियम आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण खासगी कंपनीला दूरदर्शनलाही द्यावे लागते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दूरदर्शनने ते फक्त आपल्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरून दाखवावे. त्यामुळे असा सामना फुकटच्या छत्रीवर दूरदर्शनच्या चॅनेलवर दिसतो, पण पैसे भरून घेतलेल्या जोडणीवर त्याच चॅनेलवर दिसत नाही!

अभ्यासाचे चॅनेलही आहेत. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा केंद्र सरकारने पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेसाठी एक चॅनेल, अशी योजना जाहीर केली. महाराष्ट्रात त्या वर्षी जुलैपासून सह्याद्रीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागत होती. ज्यांच्या घरी मोठा मोबाईल नव्हता, अशा मुलांपर्यंत शाळा पोहोचण्याची ती एक वाट होती. तेव्हा ‘फुकटचा टीव्ही’ म्हणून कुणी नाक मुरडलं, तर त्याला एवढं जरूर सांगा.

पण बरंच काही जातंही, हे लपवून चालणार नाही. पैसे भरून दिसणारे बहुतेक कार्टूनचे आणि खेळांचे चॅनेल तिथे नसतात. आजीची रोजची मालिका कदाचित नसेल. म्हणून घाई करायची नाही. आधी मोजायचं!

करून पाहा : सात दिवसांची वही

एका वहीत चार रकाने आखा : वार, कोण, कोणता चॅनेल, किती मिनिटे. आठवडाभर प्रत्येकाचे टीव्ही पाहणे लिहा. टीव्ही नुसताच चालू होता आणि कुणी पाहत नव्हते, तर तेही लिहा. आठवड्याच्या शेवटी बेरीज करा. घेतलेल्या चॅनेलपैकी किती चॅनेल कुणी एकदाही लावले नाहीत, ते मोजा. बहुतेक घरांत हा आकडा पाहून आई कपाळाला हात लावेल!

मग पैशाचं गणित. समजा तुमच्या घरचा रिचार्ज महिन्याला ३०० रुपयांचा आहे. वर्षाचे झाले ३,६००. समजा फुकटची छत्री, बॉक्स आणि बसवण्याची मजुरी मिळून एकदाच १,८०० लागले. तर किती महिन्यांत खर्च भरून निघेल? सहा. तुमच्या घरचे खरे आकडे घालून हेच करा. मधला मार्गही असतो, हे विसरू नका. सगळं बंद न करता न पाहिलेले चॅनेल काढले, तरी बिल उतरतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. नुसती बेरीज पाहून निकाल देऊ नका. समजा वहीत आजीच्या नावावर एकच चॅनेल आहे, रोज फक्त चाळीस मिनिटे. तुमच्या नावावर पाच चॅनेल आणि रोज दोन तास. कुणाचं आधी काढायचं? तुम्ही शाळेत जाता, मैदानावर जाता, मित्रांकडे जाता. दुपारभर घरी एकटी असते ती आजी. आणि तीच म्हणेल, “माझं काय, काढून टाका, मी पोथी वाचेन.” जो कमी बोलतो त्याचं आधी कापायचं, ही काटकसर नव्हे. म्हणून वही घेऊन सगळे एकत्र बसा आणि प्रत्येकाने एकच सांगा : “मला हे एक हवं, आणि मी हे सोडतो.” सोडायची सुरुवात ज्याची मिनिटे जास्त, त्याने करायची. कबूल?

आणि हो, छत्री बसवायचं ठरलं तर गच्चीवर किंवा पत्र्यावर स्वतः चढू नका. जवळून विजेच्या तारा जातात, पत्रा निसटतो. ते काम माहीतगार माणसाचं. तुम्ही फक्त खाली उभं राहून आग्नेय दिशा होकायंत्राने दाखवा!

आईबाबांसाठी दोन ओळी : मुलांची वही पाहिल्यावर कृपया रागावू नका. तिच्यात तुमच्याही नावाचा रकाना आहे!

वही पूर्ण झाली की तुमच्या घरी काय ठरलं ते मला नक्की कळवा. आजीचा चॅनेल राहिला की गेला, हे आधी लिहा.

पुढच्या अंकात भेटूच.